विश्लेषण : कार्यशाळेची प्रतीक्षायादी कुणासाठी?

सुट्टी लागली की उपनगरांत विज्ञान, नाट्य, चित्रकलेच्या कार्यशाळांची लगबग सुरू होते. अनेकदा दहा वाजता नोंदणी खुली होते आणि काही मिनिटांतच ‘जागा संपल्या’ असे झळकते. प्रत्यक्ष कार्यशाळेत मात्र काही खुर्च्या रिकाम्या आणि प्रतीक्षायादीतली मुले घरी, असे चित्र दिसते. दोष मुलांचा नाही, नोंदणीच्या पद्धतीचा आहे.

‘आधी येईल त्याला जागा’ यात चूक काय?

यात मुलाची आवड नव्हे, फोनचा वेग मोजला जातो. मढच्या कोळीवाड्यात घरातला एकमेव स्मार्टफोन वडिलांबरोबर समुद्रावर गेला असेल, तर मुलीने दहाच्या ठोक्याला अर्ज भरायचा कसा? रेल्वेलाही ही शर्यत आवरावी लागली. १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आरक्षण खुले झाल्यावर पहिली १५ मिनिटे ऑनलाइन तिकिटे फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यांनाच मिळू लागली.

मग पर्याय कोणता?

सोडत. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी राज्यात हीच पद्धत आहे. ठरावीक मुदतीत अर्ज, मग सोडत, निवडयादी आणि प्रतीक्षायादी. पहिल्या दिवशी भरलेला अर्ज आणि शेवटच्या दिवशी भरलेला अर्ज यांत फरक केला जात नाही. निवड झालेल्यांनी मुदतीत प्रवेश निश्चित केला नाही, तर जागा प्रतीक्षायादीकडे जाते. कार्यशाळेसाठी चार-पाच दिवसांची मुदत आणि शाळेत शिक्षकांकडे कागदावर नाव देण्याची सोय एवढेही पुरेल.

प्रतीक्षायादी कुठे फसते?

वेळेत. समजा, कार्यशाळा अंधेरीत सकाळी दहाला आहे आणि ‘तुम्हाला जागा मिळाली’ हा संदेश नऊला आला. अंधेरीतला मुलगा रिक्षाने पोहोचेल. मढच्या मुलीला आधी जेट्टी गाठायची, फेरीबोटीने वर्सोव्याला उतरायचे आणि तिथून पुढे जायचे. नाहीतर मार्वे-मालाडवरून मोठा वळसा. तिचा क्रमांक पहिला असूनही जागा दुसऱ्यालाच मिळते. यादी कागदावर समान असते, अंतर समान नसते.

नियम कसे हवेत?

निवड झालेल्यांकडून तीन दिवस आधी ‘येणार’ असा होकार घ्यावा. उत्तर न आल्यास एक फोन करावा, मगच जागा पुढे द्यावी. प्रतीक्षायादीतल्या मुलाला किमान एक पूर्ण दिवस मिळावा. त्याला आपला क्रमांक दिसावा. एका मोबाइल क्रमांकावर भावंडांची स्वतंत्र नोंदणी चालावी. यंदा जागा न मिळालेल्यांना पुढच्या तुकडीत आधी संधी मिळावी.

न येणाऱ्यांना दंड करावा का?

अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होतो. तिथे ही शिस्त समजू शकते. पण मोफत कार्यशाळेसाठी अनामत रक्कम मागितली, तर ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे तीच मुले मागे सरतील. ‘येणार नाही’ हे कळवणे सोपे करणे, हाच अधिक चांगला उपाय.

आयोजकांना हे काम वाढवणारे वाटेल. पण त्यासाठी महागडे ॲप लागत नाही. एक तक्ता, काही फोन आणि एक कसोटी पुरते. सर्वांत दूर राहणाऱ्या मुलाला निरोप मिळाल्यावर तो वेळेत पोहोचू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती प्रतीक्षायादी नव्हे, नुसतीच नावांची यादी.