अर्नाळ्याच्या रीलला मोबाईल ॲप पुरतं, मग मोठं सॉफ्टवेअर कशाला?
अर्नाळ्याहून होडीने किल्ल्याच्या बेटावर जायचं, चार क्लिप काढायच्या आणि विरारला परतताना बसमध्येच रील टाकायची. एवढ्यासाठी इन्स्टाग्रामचं २०२५ मध्ये आलेलं मोफत ‘एडिट्स’ ॲप भरपूर झालं.

फरक कळतो पैसे घेऊन काम करताना. कोळीवाड्यातली हळद तीन कॅमेऱ्यांवर शूट केली, तर तिन्हींचे रंग आणि आवाज जुळवायला, वाऱ्याची घरघर कमी करायला प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्ह लागतं. रिझॉल्व्हची साधी आवृत्ती तर मोफत आहे, तीही अल्ट्रा एचडीपर्यंत. खरा खर्च दणकट लॅपटॉपचा.

पण सगळ्यात मोठ्या फरकाबद्दल फारसं बोललं जात नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉकसोबत व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंग ॲपही होतं. ॲपमधला अर्धवट प्रोजेक्ट सहसा दुसऱ्या ॲपमध्ये उघडत नाही. प्रीमियरमधली टाइमलाइन मात्र एक्सएमएल फाइल करून रिझॉल्व्हमध्ये नेता येते. कट जागच्या जागी राहतात. इफेक्ट बरेचदा पुन्हा लावावे लागतात.