नारळी पौर्णिमेची मुदत

पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांना मासेमारीची सरकारी बंदी १ जूनला लागू होते आणि ३१ जुलैला उठते. ६१ दिवसांचा हा हुकूम २०१५ पासून अमलात आहे. तारखा निश्चित असाव्यात आणि एका राज्याच्या नौकांनी दुसऱ्याच्या हद्दीत शिरून लाभ उठवू नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. तथापि कोकणकिनाऱ्यावर ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वास्तव्य आहे, त्यांनी आपली मुदत इंग्रजी तारखेवर कधी बांधली नव्हती. आगोट लागली की होडी वाळूवर ओढून झापांनी शाकारायची आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण केल्यावाचून ती पुन्हा पाण्यात लोटायची नाही, असा त्यांचा दंडक होता. ही पौर्णिमा कधी ऑगस्टच्या आरंभी येते, तर कधी, २०२३ मध्ये झाले तसे, ३० ऑगस्टपर्यंत लांबते. महाराष्ट्राची बंदीही पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. ती अखेर आपण सोडली, ही माझ्या मते चूक झाली.

नैर्ऋत्येचे वारे वाहू लागले म्हणजे सागराच्या खोल थरांतील पोषक द्रव्ये वर येतात, सह्याद्रीची माती पुराबरोबर खाडीमुखांशी उतरते, प्लवकांची वाढ होते आणि तारली, बांगडा यांसारख्या माशांची वीण याच सुमारास भरात येते. त्या पिलांना अंग धरण्यास आणखी काही आठवडे मिळावेत, एवढीच निसर्गाची मागणी असते. परंतु ऑगस्टच्या पहिल्याच सप्ताहात बारीक आसाची जाळी ती उपसून आणतात, आणि बोटभर लांबीची पापलेटे बाजारात मातीमोलाने विकली जातात. शिवाय त्या दिवसांत दर्या पुरता निवळलेला नसतो. मोठ्या इंजिनाचा ट्रॉलर लाटा तोडून बाहेर पडतो आणि लहान होडीचा नाखवा किनाऱ्यावर बसून राहतो. म्हणजे ज्याने जुना दंडक पाळला त्याच्या पदरी हंगामाची पहिली कमाई पडत नाही.

पुढचे महिने मात्र सर्वांचे. आश्विन-कार्तिकात मालवणच्या पुळणीवर रापण ओढताना अवघी वाडी दोरास लागते. उत्तन, वर्सोव्याकडे उधाणाच्या ओढीवर डोल जाळी फुगतात आणि भांगाची भरती आली की विसावतात. आणि पाऊस सरून हवा कोरडी झाली की बोंबलांच्या माळा वाळवणाच्या वलांडीवर चढतात. हिवाळ्याच्या उन्हात वाळवलेला तो बोंबील आणि जवळा विकूनच कोळणी पावसाळ्याची बेगमी करतात, त्यामुळे बंदीच्या दोन महिन्यांची चूल वस्तुतः कार्तिक-मार्गशीर्षाच्या उन्हावर पेटते. तेच ऊन आता भरवशाचे राहिलेले नाही. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ चक्रीवादळाने ऐन हंगामात कोकणातील खलाशांचे बळी घेतले, ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’च्या वेळी परराज्यांतल्याही नौकांना देवगडच्या बंदरात आश्रय घ्यावा लागला. एक अवकाळी सर आली तरी वलांडीवरील सारा माल काळा पडतो.

म्हणूनच बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत, आणि ती फार लांबली तर निदान १५ ऑगस्टपर्यंत, वाढवावी असे सुचवताना त्या वाढीव दिवसांचा भार कोणावर पडेल याचा विचार टाळता येत नाही. गरीब मच्छीमारांसाठी केंद्राची बचत व मदत योजना आहे. तीत तीन महिन्यांसाठी ४५०० रुपये मिळतात, आणि त्यांतील १५०० त्यांच्याच बचतीचे असतात. महिन्यास १५०० रुपयांत, आणि त्यातही पाचशे स्वतःचे असता, एक कुटुंब कसे तग धरणार? राज्य सरकारने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या बांधावर जसा पंचनामा होतो, तसा वादळात बुडालेल्या दिवसांचा पंचनामा बंदरावरही व्हावा. आणि त्याच्या यादीत नौकेच्या मालकाबरोबर खलाशाचे नाव असावे, तसेच ज्या बाईचा माल वलांडीवर काळा पडला तिचेही असावे. तिच्याकडे नौकेचा परवाना नसतो, आणि तो नसल्याच्या सबबीवर आजवर तिची गणती राहून गेली आहे.