वेडा चिनी, अस्सल सिंगापुरी

1974 साली सिंगापूरच्या रेडिओनं एका कोवळ्या पोराचं गाणं वाजवायला नकार दिला. गाण्यात राजकारण नव्हतं, अश्लील काही नव्हतं. 'फ्राइड राइस पॅरडाइज' हे गाणं होतं खाण्याच्या दुकानाबद्दल. फक्त त्यातलं इंग्रजी बीबीसीचं नव्हतं. बाजारात, बसमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत सिंगापूरची माणसं जे बोलतात ते सिंग्लिश त्यात होतं, मलय आणि चिनी बोलींची सरमिसळ असलेलं. भाषा अशुद्ध आहे, असं रेडिओचं म्हणणं पडलं. त्या पोराचं नाव डिक ली.

हा नकार समजून घ्यायचा तर ते दिवस आठवायला हवेत. मलेशियापासून वेगळं होऊन सिंगापूरला दहा वर्षंही झाली नव्हती. बेटावर पिण्याचं पाणी पुरेसं नाही, शेती थोडी, खनिजं नाहीत, आणि शिस्त बिघडली तर सगळंच बुडेल अशी सरकारची धास्ती. पाश्चात्त्य रॉकबरोबर हिप्पी आणि अमली पदार्थ येतील या भीतीनं पुरुषांच्या केसांवर टाच आली. लांब केसवाल्या पुरुषांचं काम सगळ्यांत शेवटी केलं जाईल, अशी पोस्टरं सरकारी कचेऱ्यांत लागली. केस भुवयांपर्यंत येणारे, कान झाकणारे किंवा कॉलरच्या खाली उतरणारे असले की ते लांब, हेही पोस्टरवर चित्र काढून दाखवलेलं असे. 1972 मध्ये 'लेड झेपलिन'ची मैफल याच केसांपायी रद्द झाली. त्याच वर्षी या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तिथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये ते वाजवूनही गेले.

अशा शहरात डिक ली वाढला. जन्म 1956 चा. वडील ली किप ली हे पेरानाकन, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी मलय मुलखात येऊन स्थिरावलेल्या चिन्यांच्या वंशातले. या समाजाच्या घरात देव चिनी, पण बायकांच्या अंगात मलय धाटणीचा केबाया, जेवणात नारळ आणि सांबल. सरमिसळ ही या मुलाला शिकावी लागली नाही, ती त्याच्या ताटातच होती. शिवाय कपड्यांचा नाद. लंडनमधल्या हॅरो इथे त्यानं फॅशनचं शिक्षण घेतलं आणि परतल्यावर अनेक वर्षं डिझायनर म्हणून पोट भरलं. सिंगापुरात नुसत्या गाण्यावर घर चालत नव्हतंच. पण या दुसऱ्या धंद्यानं त्याला डोळा दिला. रंगमंचावर उभं राहायचं तर अंगावरचा कपडाही गाण्याइतकंच बोलला पाहिजे, हे त्याला पक्कं कळलं होतं.

ज्या अल्बममध्ये ते नाकारलेलं गाणं होतं, त्या 'लाइफ स्टोरी'तली सगळी गाणी त्यानं स्वतः रचलेली होती. याचं महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. साठच्या दशकात सिंगापुरात गिटार बँडांची लाट आली होती, 'द क्वेस्ट्स'सारखे बँड लोकांनी डोक्यावर घेतले होते. तरी हॉटेलांत आणि क्लबांत मागणी असे ती लंडन-अमेरिकेच्या गाण्यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्यांना. स्वतःचं गाणं, तेही गल्लीतल्या भाषेत, कोण ऐकणार?

हाच प्रश्न त्या सुमारास मुंबईतही होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे इंग्रजी रॉक गात होता. अलेक पदमसींनी 1974 मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' मुंबईच्या रंगमंचावर आणलं, त्यात तो ज्यूडास होता. पण मराठी घरांत नंदू पोचला तो नाटकामुळे. ब्रेख्तच्या नाटकावरून पुलंनी लिहिलेलं 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी 1978 मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीतर्फे केलं, आणि रॉकचा आवाज मराठी शब्दांवर स्वार झालेला प्रेक्षकांनी ऐकला. गायकाला आपल्या माणसांपर्यंत रंगभूमीनं पोचवलं, हे दोन्ही शहरांत घडलं. डिक लीच्या बाबतीत ते दहा वर्षांनी झालं. 1988 च्या 'ब्यूटी वर्ल्ड'मध्ये साठच्या दशकातला कॅबरे आहे आणि वडिलांच्या शोधात मलेशियाच्या लहान गावातून आलेली मुलगी आहे. संहिता मायकेल चियांगची, संगीत लीचं. रेडिओला नको असलेली बोली नाट्यगृहात टाळ्या घेऊ लागली.

पुढच्याच वर्षी 'द मॅड चायनामॅन', म्हणजे वेडा चिनी, हा अल्बम आला. लीचं सगळं काम एकीकडे आणि हा अल्बम दुसरीकडे ठेवला तरी पारडं समतोल राहील. मुखपृष्ठावर तो चिनी ऑपेराच्या भरजरी वेषात, चेहरा रंगवून उभा. चिन्यांना हिणवण्यासाठी गोऱ्यांनी वापरलेलं नाव त्यानं स्वतःच कपाळावर घेतलं. आत मलय लोकगीत 'रासा सायांग' रॅपच्या ठेक्यावर येतं, इंडोनेशियाच्या गेसांग यांचं 'बंगावान सोलो' नव्या साजात येतं. शीर्षकगीतात इंग्रजीत विचार करणाऱ्या, पाश्चात्त्य कपडे घालणाऱ्या आणि चेहऱ्यानं चिनी असलेल्या माणसाची घालमेल आहे. सरकारनं 1979 पासून बोली सोडून मँडरिन बोलण्याची मोहीम चालवली होती, वर शुद्ध इंग्रजीचा आग्रह होताच. त्या वातावरणात हा माणूस विचारत होता, की मी नेमका कोण? प्रश्न नाचता येईल अशा चालीत बांधलेला होता, म्हणून तो घराघरांत शिरला. अल्बम सिंगापुरात प्लॅटिनम झाला. जपानच्या कंपनीचं लक्ष गेलं आणि 1990 मध्ये ली टोकियोला राहायला गेला. तिथे त्यानं 'एशिया मेजर', 'ओरिएंटॅलिझम' हे अल्बम केले. आशियाचं पॉप आशियाच्या सुरांतून उभं राहू शकतं, हे त्यानं करून दाखवलं. आज कोरियाची गाणी जगभर वाजतात, तेव्हा त्याआधी ही वाट तुडवणाऱ्यांत त्याचं नाव घ्यायलाच हवं.

मग 1998. आशियाई आर्थिक संकटानं धंदे बसले होते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय दिनासाठी लीनं लिहिलेलं 'होम' किट चॅननं गायलं. त्यात घोषणा नाहीत, संचलन नाही, नदीकाठच्या घराची ओढ आहे. बाकीची राष्ट्रीय दिनाची गाणी येतात आणि जातात, हे राहिलं. 25 एप्रिल 2020 च्या संध्याकाळी, कोविडच्या टाळेबंदीत, पाच मिनिटं कमी आठला सगळ्या देशानं खिडक्यांतून आणि बाल्कन्यांतून हेच गाणं म्हटलं, आघाडीवर राबणाऱ्यांसाठी आणि परदेशी मजुरांसाठी.

मान-सन्मान रीतसर आले. 2003 मध्ये फुकुओका पुरस्कार, 2005 मध्ये सिंगापूरचा सर्वोच्च कलासन्मान, कल्चरल मेडॅलियन. 2015 मध्ये ली क्वान यू यांच्या जीवनावरचं संगीतनाटक मरीना बे सँड्समध्ये झालं. ज्या पंतप्रधानांच्या काळात रेडिओनं डिक लीचं गाणं नाकारलं, त्यांच्या चरित्राला संगीत दिलं त्याच डिक लीनं. देशाच्या मताला एवढं वळण चाळीस वर्षांत मिळालं. त्यात डिक लीच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. 'होम' सुंदर आहे, पण ते कुणालाही गाता येईल असं आहे, कारण त्यात कुठलीच बोली नाही. इंग्रजी नितळ, चाल गुळगुळीत. 'फ्राइड राइस पॅरडाइज'मधला खट्याळपणा, 'मॅड चायनामॅन'मधली अस्वस्थता तिथे नाही. सरकारी सोहळ्यानं गाणं स्वीकारलं ते त्याचे काटे काढून. मोठा गीतकार तिथे दिसतो, धाडसी गीतकार आधीच्या अल्बमांत भेटतो.

सिंगापुरातल्या मराठी घरांना हा फरक खरं तर सगळ्यांत लवकर कळायला हवा. इथल्या शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. त्या यादीत मराठी नाही, त्यामुळे आपली पुष्कळ मुलं हिंदी शिकतात, मैदानावर सिंग्लिश बोलतात आणि आजीशी फोनवर मराठी. तीन भाषांत वाढणाऱ्या या मुलांना आपण कोण, हा प्रश्न आज ना उद्या पडेल. 'होम' त्यांना शाळा शिकवतेच. घरी त्यांना 1989 चा तो वेडा चिनी ऐकवा, आणि त्याच संध्याकाळी नंदू भेंडेही.