बाण कुठे मोडतो?

फर्स्ट इयरच्या कुणाच्याही केमिस्ट्रीच्या नोट्स उघडा. आवर्त सारणीच्या चौकटीभोवती दोन बाण हमखास सापडतील. एक डावीकडून उजवीकडे, दुसरा वरून खाली. उजवीकडे गेलं की अणू लहान, खाली गेलं की मोठा. आयनायझेशन एनर्जीचं बरोबर उलटं. झाली तयारी! व्हायवासुद्धा एवढ्यावर निघून जातो.

माझं म्हणणं एवढंच, की हे बाण आपल्याला पास करतात, शिकवत नाहीत.

खरं तर बाणामागचं कारण सोपं आहे. उजवीकडे प्रत्येक घरात केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कक्षेत येतो. ओढ वाढते, अणू आकसतो. खाली जाताना नवी कक्षा सुरू होते, आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ अडवतात आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल पडतो. सगळा खेळ ओढ आणि अडथळा यांचा! हे कळलं की बाण पाठ करावाच लागत नाही. मुख्य म्हणजे तो कुठे मोडेल हेही सांगता येतं.

नायट्रोजन आणि ऑक्सिजन घ्या. बाणाप्रमाणे बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला ऑक्सिजनला जास्त ऊर्जा लागायला हवी. प्रत्यक्षात नायट्रोजनला मोलमागे 1402 किलोज्यूल लागतात आणि ऑक्सिजनला 1314. का? नायट्रोजनचे तीन पी-इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटल्समध्ये एकेकटे राहतात. तीन सिंगल रूम, तीन मुलं. ऑक्सिजनमध्ये चौथा येतो आणि त्याला कुणाचा तरी रूम पार्टनर व्हावं लागतं. मग कटकट आलीच, आणि एक जण बाहेर पडायला लगेच तयार! हॉस्टेलवाल्यांना हे वेगळं समजवायला नको.

"ठीक आहे, पण हा दोन मार्कांचा प्रश्न. इंजिनिअरला याचं काय?" असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर तारापूरला आहे.

झिर्कोनियमचा शोध 1789 मध्ये लागला. सारणीत त्याच्या बरोबर खाली हॅफ्नियम. दोघांत 32 प्रोटॉन्सचा फरक, शिवाय एक कक्षा जास्त. बाणाप्रमाणे हॅफ्नियम चांगलंच मोठं हवं. पण झिर्कोनियमची त्रिज्या सुमारे 160 पिकोमीटर आणि हॅफ्नियमची 159! कारण मध्ये लँथनाइड्स येतात. त्यांच्यात भरलेले 14 एफ-इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत, म्हणून अणू आकसत जातो. हे दोन धातू इतके जुळे, की झिर्कोनियमच्या खनिजात बसलेलं हॅफ्नियम 1923 पर्यंत कुणाला ओळखता आलं नाही. 72 नंबरचं मूलद्रव्य झिर्कोनियमसारखं असणार, हे नील्स बोरच्या सिद्धांतातून निघत होतं. म्हणूनच कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी ते झिर्कोनियमच्या खनिजातच शोधलं, आणि एक्स-रेने ते सापडलं.

आता गंमत बघा. 1969 मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. हॅफ्नियम मात्र त्याच्या पाचशे पटींहून जास्त शोषतं. म्हणजे केमिस्ट्रीत जुळे आणि अणुभट्टीत एकमेकांचे वैरी! त्यामुळे हॅफ्नियम लाखात दहा भागांच्याही खाली आणावं लागतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्यासाठी सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन वापरतात. हे काम इतकं अवघड का, ते नुसते बाण पाठ केलेल्याला कधीच कळणार नाही.

सिलॅबस मोठा आहे आणि वेळ कमी, हे मान्य. पहिल्या दिवशी बाण जरूर काढावेत. पण सर आणि मॅडमना एक विनंती आहे. व्हायवात "ट्रेंड काय?" हे विचारून झालं, की "तो कुठे मोडतो आणि का?" हेही विचारा. पहिल्या वर्षी आमची दांडी उडेल, हे नक्की. पण दुसऱ्या वर्षीची बॅच कारण शोधून येईल.

आणि मित्रांनो, त्यांनी नाही विचारलं तरी मेसमध्ये एकमेकांना विचारायला काय हरकत आहे?