चढताना मागे, उतरताना पुढे

आई-बाबांबरोबर डोंगरावर शेवटचं कधी गेला होतात? बहुतेकांना लहानपणच आठवेल. तेव्हा काळजी घेणारे ते होते. पण त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा एकत्र चढायची वेळ आली, तर कोणी कुठे उभं राहायचं? मला याचं उत्तर गेल्या हिवाळ्यात बरुआसागरला मिळालं.

बरुआसागर झाशीपासून साधारण 20-25 किलोमीटरवर, खजुराहोच्या रस्त्याला. ओरछ्याचा राजा उदित सिंह याने बांध घालून केलेला मोठा तलाव, त्यावर नजर ठेवणारा उंचावरचा किल्ला आणि जवळच प्रतिहार काळातलं ‘जराई का मठ’ हे देऊळ. 1744 मध्ये पेशव्यांच्या फौजा आणि बुंदेले इथेच लढले. त्यामुळे आम्हा झाशीतल्या मराठी घरांत पाहुणे आले की ही फेरी ठरलेली. या वेळचे पाहुणे होते पुण्याहून आलेले माझे बाबा. वय 73.

किल्ला बघून झाला आणि बाबांची नजर जवळच्या एका खडकाळ टेकडीच्या धारेवर गेली. “चल, तिथून तलाव कसा दिसतो बघू.”

उंची फार नव्हती. पण थोड्या वेळाने पायवाट संपली आणि पुढे नुसते खडक. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांचा; इथला ग्रॅनाइट बराचसा 250 कोटी वर्षांचा. झिजून झिजून त्याच्या मोठमोठ्या गोल शिळा झालेल्या. पकडायला खाच कमी, आणि वर भुरभुरीत रेती, त्यामुळे बूट सरकतो. अशा ठिकाणी पायांबरोबर हातही टेकावे लागतात.

पहिल्याच शिळेवर मी चूक केली. आधी वर चढले आणि बाबांचा हात धरून ओढायला लागले. त्यांचा तोल गेला, गुडघा खडकावर आपटला. लागलं थोडंच, पण माझ्या पोटात गोळा आला.

“ओढू नकोस गं,” ते म्हणाले. “राजगडावर मी तुला ओढलं होतं का?”

नव्हतं ओढलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बालेकिल्ल्याच्या कातळावर चढताना बाबा माझ्या मागे होते, “डावा पाय त्या खोबणीत ठेव” असं सांगत. उतरताना मात्र ते पुढे. इतकी वर्षं मला वाटायचं, बाबा चढताना दमतात आणि उतरताना घाई करतात! ते दोन्ही वेळा माझ्या खालच्या बाजूला होते, हे त्या दिवशी कळलं.

मग आम्ही जागा बदलल्या. चढताना मी मागे, तेही अगदी खाली नाही, जरा बाजूला. म्हणजे ते घसरलेच तर दोघंही घरंगळणार नाही. हात धरायचा नाही, पाय कुठे ठेवायचा ते दाखवायचं. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम खडकावर, एका वेळी एकच हलवायचा. हातातली काठी अशा जागी पिशवीला अडकवायची. बसून उठल्यावर क्षणभर थांबायचं, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे पटकन उठलं की चक्कर येते. तुमच्या घरी अशा गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

माथा हाकेच्या अंतरावर असताना दोन शिळांमध्ये एक फट आली. एक लांब ढांग टाकली की पलीकडे. बाबांनी फट पाहिली, मागे वळून आलेली वाट पाहिली आणि खाली बसले. “इथून दिसतोय की तलाव.”

माझ्या ओठांवर आलं होतं, “बाबा, एवढंच तर राहिलंय!” मी म्हटलं असतं तर ते उठले असते. लेकीसमोर नाही म्हणणं त्यांना जड गेलं असतं. पण तीच ढांग परतताना खालच्या बाजूला टाकायची होती, दमलेल्या गुडघ्यांनी. उतारावर शरीराचं वजन दर पावलाला गुडघ्यावर आदळतं; म्हणून वाढत्या वयात चढापेक्षा उतारच कठीण. मी गप्प बसले आणि डब्यातले लाडू काढले.

जपानचे युइचिरो मिउरा 2013 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी, मुलगा गोता याच्यासोबत एव्हरेस्टवर पोहोचले. उतरताना मात्र शेवटचा टप्पा त्यांनी हेलिकॉप्टरने केला. 2019 मध्ये, 86 व्या वर्षी, ते दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वावर गेले. साधारण 6000 मीटरवर पथकाच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं आणि ते थांबले. गोता पुढे शिखरावर गेला. एवढ्या मोठ्या गिर्यारोहकाला थांबण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपण आपल्या माणसांना “अजून थोडंसं” म्हणून का भरीला घालावं?

उतरताना मी पुढे झाले. उभ्या जागी बाबा खडकाकडे तोंड करून उतरले. शेवटच्या शिळेवर त्यांनी न बोलता माझ्या खांद्यावर हात टेकला. मी धरला नाही. नुसती स्थिर उभी राहिले.

पुढच्या सुट्टीत तुम्हीही आई-बाबांना घेऊन जवळच्या एखाद्या टेकडीवर जा. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या आणि परत कधी फिरायचं ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त खालच्या बाजूला राहा.