किती मारले?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. कारगिल विजय दिवसाचे. वरच्या बाजूला साहेबांचा फोटो, त्याखाली दादांचा, मग भाऊंचा आणि उरल्यासुरल्या जागेत बंदूक रोखलेला एक जवान. मागे एकदा थांबून नीट पाहिले, तर त्या जवानाच्या अंगावरचा गणवेश चक्क अमेरिकेचा. फ्लेक्सवाल्याला म्हटले, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बंदूक दिसली की झालं." त्याला कशाला दोष द्यायचा? गिऱ्हाइकाच्या मनात होते तेच त्याने छापले होते.

आपल्या मनातला वीर दोनच प्रकारचा असतो. एक बंदूक रोखलेला आणि दुसरा तिरंग्यात लपेटून गावी आलेला. तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे लढून, वाचून, पेन्शनवर येऊन सोसायटीच्या दारात खताच्या रांगेत उभा असलेला, तो या चित्रात बसत नाही. सरकारी कागदालाही तो पटकन उमगत नाही. आजवर परमवीर चक्र 21 जणांना मिळाले, त्यातले 14 मरणोत्तर. उरलेल्या सातांपैकी दोघांचे चक्रही आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झाले होते! 1962 साली लडाखमध्ये सिरिजापच्या ठाण्यावर लढलेले मेजर धनसिंग थापा मारले गेले असे सगळे धरून चालले. घरच्यांनी क्रियाकर्मही उरकले. मागाहून कळले की ते चीनच्या कैदेत आहेत. टायगर हिलवर लढलेले योगेंद्रसिंह यादव यांच्या बाबतीत 1999 मध्ये तेच. सन्मान जाहीर झाला तेव्हा ते इस्पितळात उपचार घेत होते. इतके शौर्य गाजवले म्हणजे माणूस जिवंत असणारच नाही, हा आपला हिशेब किती पक्का आहे बघा.

जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणारा पहिला माणूस आपल्याच भागातला, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. राम राघोबा राणे. नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यांनी नेमके केले काय, ते विचारा, दहातले नऊ गप्प बसतील. राणेंची गोष्ट फ्लेक्सवर मावण्यासारखी नाही, हेच त्याचे कारण असावे.

काश्मीरच्या युद्धात मार्च 1948 मध्ये झांगर परत जिंकल्यावर भारतीय सैन्याला नौशेऱ्याहून राजौरीकडे सरकायचे होते. रस्ता डोंगरातला, अरुंद. त्यावर जागोजागी सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली. रणगाडे पुढे गेल्याशिवाय पायदळाला बळ नाही आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाड्यांना गती नाही. रस्ता मोकळा करायचे काम बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, 37 असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीकडे होते आणि तुकडी राणेंच्या हाताखाली. 1940 साली साधा जवान म्हणून भरती झालेला हा माणूस. अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश चढून चार महिनेही झाले नव्हते.

8 एप्रिलला काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांचा मारा आला. तुकडीतले दोन जण जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः. ते मागे गेले नाहीत. पुढे सुरुंगांचा पट्टा लागला आणि वरून मशीनगन चालू, तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. वर रणगाडा सरकतो आहे, खाली दोन्ही साखळ्यांच्या मधल्या जागेत हा माणूस रांगतो आहे, समोर हातांनी माती चाचपत सुरुंग काढतो आहे. चालकाला आवाज ऐकू जाणे शक्यच नाही. म्हणून दोरी. थांब की चल, ते दोरीच्या हिसक्याने सांगायचे. चालकाला एखादा हिसका चुकीचा कळला असता तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. असे चार दिवस. सुरुंग काढायचे, आडवी पडलेली झाडे स्फोटाने उडवायची, नाहीतर बाजूने वळणाचा रस्ता काढायचा, की पुढचा अडथळा हजर. 11 एप्रिलला रणगाडे चिंगसला पोचले आणि तिथून राजौरी हाताशी आली.

राणेंना परमवीर चक्र मिळाले ते या रस्त्यासाठी. रस्ता मोकळा करणे हे तसे बांधकाम खात्याला शोभणारे काम. गोळ्या अंगावर येत असताना ते न थरथरत्या हाताने करायचे, एवढाच फरक. भीती वाटली नसेल असे मी म्हणणार नाही. सुरुंग काढणाऱ्याला भीती वाटलीच पाहिजे. जो घाबरत नाही तो बेफिकीर होतो आणि स्वतःबरोबर मागच्या चौघांना घेऊन जातो. फौजी लोक अशा निधड्या छातीच्या माणसापासून चार हात लांब राहतात, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत 26 जानेवारीला पाहुणा म्हणून गेलो होतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर गावातले एक माजी सैनिक. हवालदार म्हणून पेन्शनला आलेले, पण गावाच्या हिशेबात मेजर. त्या पट्ट्यात मिल्ट्रीतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. भाषणे झाल्यावर मुलांना प्रश्न विचारायला सांगितले. पाचवी-सहावीतला एक पोरगा ताडकन उठला, "काका, तुम्ही किती मारले?" टाळ्या पडल्या. मेजर म्हणाले, "एक पण नाय, बाळा. मी गाडी चालवायचो."

पोराचा चेहरा पडला. मुख्याध्यापकांचाही. पण मेजर बोलत राहिले, आणि त्या सकाळी ऐकण्यासारखे जे काही होते ते एवढेच. ते 1999 साली श्रीनगर-लेह रस्त्यावर होते. द्रासजवळचा रस्ता तोलोलिंगच्या शिखरावर बसलेल्या शत्रूच्या थेट नजरेत. दिवसा गाडी दिसली की तोफगोळा आलाच. म्हणून ताफा रात्री निघायचा, सगळे दिवे बंद. फौजी ट्रकच्या मागच्या धुरीचा मधला गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर एक मिणमिणता दिवा सोडलेला असतो. वरून तो दिसत नाही, फक्त मागच्या चालकाला दिसतो. "तेवढा पांढरा ठिपका बघायचा आन् चालवायची. ठिपका डावीकडं गेला की आपन डावीकडं. ठिपका दिसायचा बंद झाला की..." इथे ते जरा थांबले आणि हसले, "की ब्रेक." ट्रकमध्ये तोफांचे गोळे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. हिवाळ्याच्या तोंडावर झोजीला खिंडीत चाकांना साखळ्या बांधायच्या, त्याही ट्रकखाली बर्फात पालथे पडून. हातमोजे घालून कडी बसत नाही, काढले तर बोटे लोखंडाला चिकटतात. डिझेल थिजले की टाकीखाली स्टोव्ह पेटवायचा, वर पेटीत दारूगोळा असला तरी. "वरती पोरं बसल्यात तोफा घेऊन, त्यांना गोळं नाय पोचलं तर ती काय दगडं मारणार?"

मुख्याध्यापकांनी आभार मानून पुढचा कार्यक्रम, म्हणजे लेझीम, जाहीर केला. मेजरांना एखादा तरी शत्रू मारल्याचे सांगता आले असते. कोण तपासायला जाणार होते? खोटे बोलायचा मोह त्यांना शिवलाही नाही, आणि गाडी चालवण्यात काही कमीपणा आहे असेही त्यांच्या बोलण्यात कुठे नव्हते. मला तरी त्या व्यासपीठावर खरा लढवय्या दिसला तो याच कारणाने. आपल्यावर सोपवलेले काम, त्यावर अवलंबून असलेली वरची पोरे आणि त्या दोहोंच्या मध्ये स्वतःच्या जिवाला दिलेली दुय्यम जागा. पलटणीत माणसाला मोजतात ते याच मापाने. शत्रू किती पडले हा आकडा तिथे कुणी विचारत नाही. तो आपण विचारतो, घरात बसून.

मेजर जनरल इयान कार्डोझो मूळचे मुंबईचे. त्यांची गोष्ट अलीकडे बरीच फिरते, पण तिचा निम्माच भाग फिरतो. 1971 च्या डिसेंबरात सिल्हेटच्या लढाईत पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनमधल्या या मेजरचा पाय सुरुंगावर पडला. पायाचा चेंदामेंदा झाला. मॉर्फिन नव्हते. कापायला डॉक्टरकडे अवजार नव्हते. सोबतच्या गोरखा जवानाला पाय तोडायला सांगितले, त्याचा धीर होईना. तेव्हा कार्डोझोंनी खुकरी घेऊन स्वतःच आपला पाय तोडला आणि तो पुरून यायला सांगितले. इथपर्यंतची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पुढची येत नाही. त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या पाकिस्तानी सर्जनने, मेजर मोहम्मद बशीर यांनी. कार्डोझो आधी तयारच नव्हते. शत्रूच्या हातून उपचार नकोत म्हणाले. शेवटी वरिष्ठांनी समजावून त्यांना टेबलावर घेतले. त्या सर्जनने आपले काम चोख केले. त्याचे आभार मानायचे राहून गेले, याची रुखरुख कार्डोझोंनी पुढे स्वतःच बोलून दाखवली आहे. ज्या माणसाने स्वतःचा पाय तोडला, त्याला सलत राहिली ती ही गोष्ट. स्टुडिओत बसून रोज युद्ध पुकारणाऱ्या आपल्या सूत्रसंचालकांनी ती रात्री झोपताना एकदा वाचावी. (वाचणार नाहीत, ठाऊक आहे.)

कार्डोझोंना लाकडी पाय मिळाला तो पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात. त्यानंतरची त्यांची लढाई आपल्याच सैन्याशी होती. एका पायाच्या अधिकाऱ्याकडे बटालियन सोपवायची पद्धत नव्हती. त्यांनी दोन पायांच्या अधिकाऱ्यांबरोबर शारीरिक क्षमतेची चाचणी दिली, त्यातल्या कित्येकांना मागे टाकले, डोंगर चढून दाखवले. अखेर त्यांना बटालियन मिळाली आणि पुढे ब्रिगेडही. त्यांच्यासाठी उघडलेल्या दारातून नंतर इतर जखमी अधिकारी आत गेले. माझ्या मते हा पराक्रम खुकरीच्या पराक्रमाहून रतिभर मोठाच. खुकरीचा घाव काही क्षणांचा होता. ही चाचण्यांची आणि अर्जांची लढाई वर्षानुवर्षे पुरली.

पुणेकरांना खडकी माहीत असते ती दारूगोळा कारखान्यासाठी आणि ओळखीने मिळणाऱ्या कँटीनच्या सामानासाठी. राणेंच्या बॉम्बे सॅपर्सचे केंद्र तिथेच. मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही तिथेच. जखमी सैनिकांना हातचा धंदा शिकवायला 1917 साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही तिथेच. पुनर्वसन केंद्रात चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे जवान आहेत, तोंडात ब्रश धरून चित्रे काढणारेही होऊन गेले. त्यांच्यातल्या सगळ्यांनाच गोळी लागलेली नसते. कुणाची जीप दरीत गेली, कुणी सरावात पडला. त्यामुळे त्यांच्यासाठी फ्लेक्स लागत नाही.

मुरलीकांत पेटकरांचेच पाहा. सांगलीच्या पेठ इस्लामपूरचा हा फौजी मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. एक गोळी मणक्यात कायमची रुतली. चालणे गेले, म्हणून पोहणे धरले. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले. पद्मश्री मिळाली 2018 साली. मध्ये 46 वर्षे गेली. त्यांच्यावर सिनेमा निघाला तो त्यानंतरही सहा वर्षांनी, आणि मगच त्यांचे नाव घरोघर पोचले.

सन्मान उशिरा मिळाला तरी चालेल म्हणू. पेन्शनचे तसे नाही. सेवेत अपंगत्व आलेल्या जवानाला निवृत्तिवेतनात अपंगत्वाचा वेगळा हिस्सा मिळतो, मात्र ते अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे बळावले, हे मान्य व्हावे लागते. वैद्यकीय मंडळ अनेकदा एका ओळीत लिहून मोकळे होते की याचा सेवेशी संबंध नाही. भरतीच्या वेळी ठणठणीत असलेल्या, डॉक्टरांनी ठोकून बजावून घेतलेल्या पोराला पंधरा-वीस वर्षे बर्फात, वाळवंटात, कुटुंबापासून लांब ठेवल्यावर रक्तदाब जडला किंवा मन बिघडले, तर त्याला कारण त्याचा तोच! सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात स्वच्छ सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच आला असे धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. तरीही जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणात जातो, जिंकतो आणि सरकार त्याच्याविरुद्ध वर अपील करते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 साली त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने या कोर्टबाजीवर कडक ताशेरे ओढले आणि ती कमी करण्याचे मार्गही लिहून दिले. अपिले त्यानंतरही चालूच राहिली.

खोट्या आजारांचे दाखले आणणारे महाभाग फौजेतही असतात, हे खरे. त्यांना पकडावे. पण दहा लबाड सुटू नयेत म्हणून शंभर जखमींना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या, हा कुठला न्याय? त्यात गावाकडच्या हवालदाराला मुंबईच्या खंडपीठापर्यंत यायचे म्हणजे एसटीचे भाडे, राहायची सोय आणि वकिलाची फी, सगळे त्या तुटपुंज्या पेन्शनमधून. सरकारी वकिलाची फी मात्र तुमच्याआमच्या करातून जाते.