मंद आच बरी, कोमट भांडे नको

नान खलिया हे आपल्या शहराचे भूषण. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या मुदपाकखान्यात हा पदार्थ जन्मला असे सांगतात. कथेचे काहीही असो, देगेतले मांस मंद आचेवर तासन् तास शिजवण्यातले शहाणपण मात्र खरे आहे. मांसातील चिवट भाग हळूहळू शिजला की विरघळून मऊ होतो. त्यामुळे स्वस्त, निबर मांसही पचायला सोपे जाते. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा ‘बडे’ म्हणून मिळते ते म्हशी-रेड्याचे मांस. त्याला तर हीच पद्धत योग्य.

आमची तक्रार वेगळी आहे. मांसाहाराच्या दिवशी ताटात तर्री, मांस आणि मैद्याचा नान एवढेच असते, भाजी नावालाही नसते. मांस वाईट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि मांसातील लोह शरीराला सहज मिळते. पण त्याला चोथ्याची जोड हवी. म्हणून आमची शिफारस पत्ताकोबीची. अर्धा किलो मांसात तेवढीच पत्ताकोबी घातली तर तेच कालवण जास्त माणसांना पुरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चरबी कमी येते.

कृती सोपी आहे. दोन चमचे तेलात कांदा, आले-लसूण, हळद, धने-जिरे परतावे. मांस घालून, गरम पाणी ओतून आधी चांगली उकळी आणावी, मगच आच मंद करून झाकण ठेवावे. दोन-अडीच तासांत मांस मऊ होते. कोबी सुरुवातीलाच घालू नये. त्यातले ‘क’ जीवनसत्त्व फार वेळच्या उष्णतेने नष्ट होते. वरची पाने काढून, धुऊन, जाडसर चिरलेला कोबी शेवटच्या वीस मिनिटांत घालावा. वर आलेली तर्री पळीने काढून टाकावी. सोबत ज्वारीची भाकरी उत्तम.

आता खरा धोका. तो मंद आचेत नाही, आच विझल्यानंतर आहे. रात्रीचे उरलेले कालवण त्याच भांड्यात, त्याच चुलीवर सकाळपर्यंत ठेवण्याची सवय घरोघरी आहे. लग्नघरच्या देगेचेही तेच. मोठे भांडे निवायला कित्येक तास लागतात. काही जिवाणूंची बीजे उकळीतही जगतात आणि अन्न कोमट झाले की झपाट्याने वाढतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या सोयीचा पट्टा. मग दुसऱ्या दिवशी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात, आणि दोष मात्र मसाल्याला दिला जातो! ‘सकाळी उकळून घेऊ’ हे उत्तर पुरेसे नाही. काही जिवाणूंचे विष उकळूनही जात नाही.

म्हणून जेवण झाल्यावर उरलेले कालवण पसरट भांड्यांत काढावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे. आपल्या वैशाखात तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच काढून रटरट उकळावे. फ्रीज नसेल तर संपेल एवढेच रांधावे.

हल्ली काही घरांत विजेचे ‘स्लो कुकर’ आले आहेत. वस्तू चांगली आहे, पण ते लावून दिवसभर बाहेर जाणाऱ्यांनी वीज जाते हे विसरू नये. वीज किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर ते अन्न टाकून द्यावे. अन्न टाकणे जिवावर येते हे आम्ही जाणतो. पण घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस असेल, तर तिथे काटकसर करू नये.